कार्बोरेटर गेला, पाना कुठे लावायचा?

(दृश्य: गॅरेज. हातात काढलेला स्पार्क प्लग.)

प्लग काढला की मेकॅनिकला गाडीचं दुखणं कळायचं. टोक काजळीनं काळं म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, पांढुरकं म्हणजे कमी पडतंय, चॉकलेटी असलं की सेटिंग बरोबर. मग पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या कार्बोरेटरचा स्क्रू पाव आटा इकडे, पाव आटा तिकडे, आणि कान इंजिनाच्या आवाजाकडे.

१ एप्रिल २०२० पासून धुराच्या प्रदूषणाचे बीएस-६ निकष लागू झाले आणि नव्या मोटरसायकलींवरून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. आता पेट्रोल किती सोडायचं ते ईसीयू, म्हणजे इंजिनाचा छोटा संगणक, ठरवतो. थ्रॉटल किती उघडलाय, इंजिन किती तापलंय, धुरात ऑक्सिजन किती उरलाय, हे सेन्सर त्याला सतत कळवतात. त्यावरून पेट्रोल फवारणारा इंजेक्टर सेकंदाच्या काही हजाराव्या भागापुरता उघडतो. चोक ओढायचं कामही गेलं.

(दृश्य: पुढचं चाक, अगदी जवळून.)

डिस्कशेजारची ही खाचांची चकती पाहा. खाचा सेन्सरसमोरून किती झपाट्यानं सरकतात, यावरून एबीएसला, म्हणजे ब्रेक दाबताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेला, चाकाची गती कळते. ओल्या रस्त्यावर घाबरून ब्रेक करकचून दाबला आणि चाक जाम व्हायला लागलं, की एबीएस दाब सोडतं, पुन्हा धरतं, सेकंदात अनेकदा. बोटं तुमची, पण निर्णय त्याचा. आणि इथं तो त्याचाच असावा, कारण घाबरलेल्या माणसाच्या हाताला हे जमत नाही. १९८८ मध्ये बीएमडब्ल्यूच्या के-१०० वर आलेलं हे तंत्र आपल्याकडे १२५ सीसीच्या वरच्या दुचाकींना २०१९ पासून सक्तीचं झालं. महागड्या गाड्यांवर आज दिसणारं, पुढच्या वाहनापासून अंतर राखणारं रडारही असंच खाली उतरेल. इलेक्ट्रिक स्कूटरमध्ये तर मोटर, बॅटरी, चार्जिंग सगळा कारभार सॉफ्टवेअरकडेच आहे, आणि ते इंटरनेटवरून परस्पर बदलताही येतं.

हे सगळं चांगलंच आहे. पण मीटरवर इंजिनाच्या बिघाडाचा दिवा लागला की नाक्यावरच्या मेकॅनिकनं काय करायचं? साधा स्कॅनर लावला तरी काही बिघाडांचे कोड फक्त कंपनीच्या सॉफ्टवेअरलाच उलगडतात. केंद्र सरकारनं डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीची माहिती देणारं 'राइट टू रिपेअर' (दुरुस्तीचा हक्क) पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनंही आहेत. ती माहिती पोर्टलवर राहून भागणार नाही. कोडची यादी आणि वायरिंगचा नकाशा मराठीत, परवडणाऱ्या स्कॅनरसह, गल्लीतल्या गॅरेजपर्यंत पोचवणं कंपन्यांना बंधनकारक व्हायला हवं.