याकोबी चर्चचा ऑर्गन: जुन्या नळ्यांची गोष्ट

हे जर्मनीतल्या हाम्बुर्गचं सेंट याकोबी चर्च. सज्ज्यावरून थेट वर चढत गेलेला हा ऑर्गन. चार कीबोर्ड, पायांनी वाजवायच्या पट्ट्या, ६० स्टॉप, सुमारे ४,००० नळ्या. स्टॉप म्हणजे एकाच जातीच्या आवाजाच्या नळ्यांची रांग.

या नळीजवळ जाऊ. कथील-शिशाचा पत्रा, हातानं वळवून डाख देऊन जोडलेला. ऑर्गनवर नाव कारागीर आर्प श्निटगरचं, बांधणी १६८९ ते १६९३ ची. ही नळी मात्र त्याच्याही आधीची. चर्चच्या जुन्या ऑर्गनवर १६व्या शतकात शेरर घराण्याच्या कारागिरांनी काम केलं होतं, १६३० च्या दशकात गॉटफ्रीड फ्रिट्शेनं. श्निटगरनं त्यांच्या नळ्या भट्टीत घातल्या नाहीत. चांगल्या होत्या त्या ठेवल्या आणि आपल्या नव्या नळ्या त्यांच्या सुरात बसवल्या. त्याचं मोठेपण मला इथंच दिसतं. नळीच्या तोंडाची उंची, पायातलं वाऱ्याचं भोक, भात्याचा दाब, यातलं काहीही केसभर हललं की आवाजाची जात बदलते. पेटीचे सूर घासून लावणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

१७२० मध्ये इथल्या वादकाच्या जागेसाठी संगीतकार योहान सेबास्टियान बाख उत्सुक होता. जागा हाइटमान नावाच्या दुसऱ्या वादकाला मिळाली. त्यानं चर्चच्या तिजोरीत ४,००० मार्क भरले.

या चकाकणाऱ्या दर्शनी नळ्या नव्या आहेत. जुन्या १९१७ मध्ये युद्धासाठी कथील हवं म्हणून काढून नेल्या. पुढच्या युद्धात आतल्या नळ्या आणि त्यांना वारा पुरवणाऱ्या लाकडी पेट्या वेळेत उतरवून हलवल्या होत्या. १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात चर्च पेटलं, ऑर्गनचा लाकडी सांगाडा आणि भाते जळून गेले.

आता आतली बाजू. १९८९ ते १९९३ अशी चार वर्षं ऑर्गन-कारागीर युर्गन आरेंड यांनी याच्या दुरुस्तीचं काम केलं. मधल्या दुरुस्त्यांमध्ये झालेले फेरफार काढले, वाचलेल्या जुन्या नळ्यांना त्यांचा मूळ आवाज परत दिला. हरवलं होतं तेवढंच नवं घडवलं. ही रांग पाहा. काळवंडलेल्या जुन्या नळ्या आणि शेजारी नव्या, एकाच वाऱ्यावर उभ्या.

वादक एकच स्टॉप ओढतो. भाता भरतो. पहिला सूर शेररच्या नळीचा.