हिरवा मफलर

नमस्कार मंडळी.

माझ्या गळ्यातला हा हिरवा मफलर बघून मघाशी दोघा-तिघांनी विचारलं, सुराबायाच्या उकाड्यात मफलर कशाला? तिथे तो थंडीसाठी कुणी वापरत नाही. सामन्याच्या दिवशी दोन्ही हातांनी डोक्यावर ताणून धरतात आणि गातात. कार्यकारिणीनं मला ‘सुराबायातली चौदा वर्षं’ असा विषय दिला होता. पण इंडोनेशियाच्या जावा बेटावरचं हे शहर मला कळलं ते पर्सेबाया या फुटबॉल क्लबमुळे. तेव्हा आज त्याच्याबद्दलच बोलतो.

सुरुवात शहराच्या नावापासून करू. लोककथेतला ‘सुरा’ म्हणजे शार्क आणि ‘बाया’ म्हणजे मगर. त्यांची झुंज शहराच्या चिन्हावर आहे, आणि पर्सेबायाला ‘बाजुल इजो’, म्हणजे हिरवी मगर, म्हणतात तेही त्यावरूनच. पण तिथले जाणते लोक आणखी एक फोड सांगतात: ‘सुरा इंग बाया’, संकटापुढे उभा राहणारा शूर. ती ऐकली आणि मी चमकलो. शूर आणि भय! मजापाहित या जुन्या जावानीज साम्राज्याच्या काळातल्या, 1358 च्या एका ताम्रपटात नदीकाठच्या, होडीनं पलीकडे जायच्या गावांची यादी आहे, तिच्यात हे नाव ‘शूरभय’ असंच येतं. मैदानावर आरोळी उठते ‘सालाम सातू न्याली’, सगळ्यांची हिंमत एक, आणि हजारो तोंडांतून उत्तर येतं ‘वानी!’ वानी म्हणजे धीट. सहाशे-सातशे वर्षांपूर्वीचं नाव लोक अजून असं खरं करून दाखवतात, असं मला तरी दर वेळी वाटतं.

क्लबचा जन्म 18 जून 1927 चा. तेव्हा डचांचं राज्य होतं आणि सुराबायात गोऱ्यांची वेगळी फुटबॉल संघटना होती. पाइजो आणि पामुजी या दोघांनी स्थानिक लोकांची संघटना उभी केली. तिचं नाव डच भाषेतच होतं, पण त्या नावात ‘इंडोनेशियन’ हा शब्द मुद्दाम घातलेला होता. इंडोनेशिया नावाचा देश तेव्हा नकाशावर नव्हता, हे लक्षात घ्या. तीन वर्षांनी, 19 एप्रिल 1930 ला योग्यकार्तात सात शहरांच्या अशा संघटनांनी मिळून राष्ट्रीय महासंघ स्थापन केला, त्या सातांत सुराबाया होती. महासंघाचे पहिले अध्यक्ष सुरातिन हे पेशानं स्थापत्य अभियंता. देश स्वतंत्र होण्याआधी पंधरा वर्षं या लोकांनी देशाचा फुटबॉल महासंघ काढला होता. पर्सेबाया हे आजचं नाव मात्र पुढे 1960 च्या सुमारास आलं.

पर्सेबाया मुळात एक संघ नव्हता, अनेक लहान क्लबांची मिळून ती संघटना होती. आजही तिच्या छत्राखाली वीसएक स्थानिक क्लब आहेत, त्यांची आपापसांत स्पर्धा चालते, आणि त्यातून पोरं वर येतात. करांगगायामच्या मैदानावर मी असे सामने पाहिले आहेत. पाऊस पडून गेलेला, मैदानात पाणी साचलेलं, कडेला केळ्याची भजी तळणारा गाडीवाला, आणि पंधरा-सोळा वर्षांची पोरं जीव तोडून खेळताहेत. मुंबईत भर पावसाळ्यात कांगा लीग ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे दृश्य वेगळं सांगायला नको. इंडोनेशियाचा कर्णधार झालेला इव्हान दिमास याच वाटेनं आला. क्लबचं खरं वैभव मला तिथे दिसतं, कपाटातल्या करंडकांपेक्षा जास्त. करंडकही आहेत: जुन्या शहरसंघांच्या स्पर्धेत 1951, 1952, 1978 आणि 1988, नंतरच्या राष्ट्रीय लीगमध्ये 1997 आणि 2004. शेवटच्या दोन्हींत ब्राझीलचा जॅक्सन तियागो होता, पहिल्यांदा गोल करणारा खेळाडू म्हणून आणि दुसऱ्यांदा प्रशिक्षक म्हणून.

करांगगायामलाच खेळाडूंचं वसतिगृह आहे. त्यावर एरी इरियांतो हे नाव आहे. 3 एप्रिल 2000 ला योग्यकार्ताच्या संघाविरुद्ध घरच्याच मैदानावर खेळताना एरी कोसळला आणि त्याच रात्री गेला. त्याचा 19 क्रमांकाचा शर्ट त्यानंतर क्लबनं कुणाला दिला नाही. नवा आलेला प्रत्येक पोरगा त्या नावाच्या घरात राहायचा, तिथूनच सरावाला निघायचा.

आता एक न पटणारी गोष्ट. आवडीच्या माणसाचं वाईटही सांगावं. 21 फेब्रुवारी 1988 ला पर्सेबाया स्वतःच्या मैदानावर पापुआच्या पर्सिपुराकडून 12-0 नं हरली, आणि मुद्दाम हरली. आदल्या वर्षी अंतिम सामन्यात सेमारांगच्या पीएसआयएसनं पर्सेबायाला हरवलं होतं. पर्सिपुरा जिंकली की पीएसआयएस बाहेर जाणार, एवढाच हिशेब होता. तसंच झालं, आणि त्या वर्षी पर्सेबाया विजेती ठरली. इंडोनेशियात अशा खेळाला ‘सेपाक बोला गाजाह’ म्हणतात, हत्तींचा फुटबॉल. काही जुने लोक आजही ती चाल होती म्हणून सांगतात. मला ती चूकच वाटते. प्रेक्षकानं तिकीट काढलेलं असतं, त्याच्यापुढे खेळायचं नाटक करू नये.

पण त्याच दोन वर्षांत दुसरं काहीतरी सुरू झालं. ‘जावा पोस’ या वर्तमानपत्रानं पुढाकार घेतला आणि सुराबायाचे लोक हजारोंनी हिरवे कपडे घालून जकार्ताला अंतिम सामन्याला जाऊ लागले. त्या प्रवासाला ‘तरेत तेत तेत’ असं नाव पडलं, पिपाणीच्या आवाजावरून. आणि 1989 च्या सुमारास याच वर्तमानपत्रानं त्या प्रेक्षकांना शब्द दिला: बोनेक. ‘बोंदो नेकात’ या जावानीज शब्दांचा तो संक्षेप. बोंदो म्हणजे भांडवल, नेकात म्हणजे मागचापुढचा विचार न करता घेतलेली उडी. खिशात दमडी नाही, भांडवल काय तर नुसता निर्धार. परगावच्या सामन्याला बोनेक पोरं ‘एस्ताफेत’ करत जायची: एका मालट्रकच्या हौद्यातून पुढच्या गावापर्यंत, तिथून दुसऱ्या ट्रकमध्ये, असं सातशे-आठशे किलोमीटर.

या निर्धाराची काळी बाजूही त्या शहरानं भोगली आहे. रेल्वेच्या टपावरून प्रवास, स्टेशनवरच्या गरीब विक्रेत्यांचा माल लुटणं, दगडफेक. 2010 च्या जानेवारीत बांडुंगला जाताना सोलो शहरात हेच झालं, आणि त्यानंतर कित्येक वर्षं बोनेक हा शब्द उच्चारला की आया मुलांना घरात घेत. मी 2011 मध्ये तिथे आलो तेव्हा कचेरीतल्या सहकाऱ्यांनी मला पहिला सल्ला दिला तो हाच: हिरवा जमाव दिसला तर गाडी वळव.

आणि नेमका तो काळ क्लबच्या आयुष्यातला सगळ्यात वाईट होता. 2010 च्या हंगामात एका सामन्याच्या तारखा आणि मैदानं वारंवार बदलली गेली, शेवटी पर्सेबाया खालच्या श्रेणीत ढकलली गेली. चिडून क्लब महासंघाबाहेरच्या नव्या लीगमध्ये गेला. मग त्याच नावाचा दुसराच एक संघ उभा केला गेला आणि महासंघानं त्याला मान्यता दिली. एका गावात दोन पर्सेबाया! मूळच्या क्लबनं ओळख पटावी म्हणून नावापुढे 1927 लावलं. 2013 नंतर तर त्याला खेळायला लीगच उरली नाही. दुसरा संघ वरच्या श्रेणीत खेळत होता, जिंकतही होता, पण सुराबायाचे लोक त्याच्या सामन्यांना गेले नाहीत. रिकाम्या गॅलऱ्या मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत. विचार करा, तोच रंग, तेच नाव, तेच मैदान आणि तिकीट हातात मिळतंय. तरी लोक म्हणाले, ही आमची नाही. तो संघ पुढे नाव बदलत पोलिसांच्या संघात मिसळून गेला.

माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ राहतात. सगळे त्यांना म्बाह म्हणतात, म्हणजे आजोबा, मीही तसंच म्हणतो. त्यांचा नातू तेव्हा कॉलेजात होता. 2016 च्या ऑगस्टमध्ये महासंघाची विशेष सभा जकार्ताला होती, आणि क्लबला परत घ्या म्हणायला सुराबायातून हजारो पोरं तिकडे निघाली. नातूही निघाला, एस्ताफेत करत. आई रडत होती. म्बाहनी त्याच्या हातात फक्त केळीच्या पानात बांधलेला भात दिला आणि म्हणाले, कुणाची भाकरी हिसकावू नकोस. चार दिवसांनी परत आला तो उन्हानं करपून, आवाज बसलेला. त्यानं सांगितलं की या वेळी पोरंच पोरांवर लक्ष ठेवत होती, कचराही उचलत होती. हाती काही लागलं नव्हतं. 10 नोव्हेंबर 2016 च्या सभेतही हा विषय पुढे ढकलला गेला. न्यायालयानं नावाचा हक्क त्याच वर्षी मूळ क्लबच्या कंपनीला दिला होता, तरी महासंघाचं दार बंदच. अखेर 8 जानेवारी 2017 ला बांडुंगच्या सभेत क्लबला परत घेतलं. बाहेर सुराबायाची पोरं थांबलेली, आणि त्यांना जेवूखाऊ घालत होते बांडुंगच्या पर्सिब क्लबचे प्रेक्षक.

19 मार्च 2017 ला घरवापसीचा सामना झाला, शहराच्या पश्चिम टोकाला बेनोवोमधल्या गेलोरा बुंग तोमो स्टेडियमवर. पाहुणा संघ कोणता, तर सेमारांगचा पीएसआयएस. 1988 मध्ये ज्यांच्यावर अन्याय झाला तेच. नातवानं मला ओढून नेलं. जवळच कचरा डेपो आहे, वारा फिरला की वास येतो, त्या दिवशी कुणाला त्याची शुद्ध नव्हती. माझ्या शेजारी एक मध्यमवयीन बाई ओक्साबोक्शी रडत होत्या. त्याच वर्षी 28 नोव्हेंबरला मेदानच्या संघाला 3-2 नं हरवून पर्सेबाया दुसऱ्या श्रेणीची विजेती झाली आणि वर आली. 2019 मध्ये तर एका सामन्यात प्रेक्षकांनी मैदानात कापडी बाहुल्या फेकल्या, हजारोंनी, कर्करोग झालेल्या मुलांसाठी. ज्यांना बघून आया दारं लावत होत्या, तीच ही पोरं.

1 ऑक्टोबर 2022 बद्दल मी थोडंच बोलेन. मलांगजवळच्या कांजुरुहान स्टेडियममध्ये तिथल्या अरेमा क्लबविरुद्ध पर्सेबाया 3-2 नं जिंकली. वैर जुनं, म्हणून सुराबायाच्या प्रेक्षकांना बंदीच होती. सामना संपल्यावर अरेमाचे प्रेक्षक मैदानात उतरले, पोलिसांनी अश्रुधूर सोडला, गॅलऱ्यांकडेही सोडला, आणि अरुंद दारांशी चेंगरून 135 जीव गेले. त्यांत लहान मुलं होती. दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीत कुणी विजयाचं नावही काढलं नाही. संध्याकाळी हिरवे शर्ट घातलेली पोरं मलांगच्या पोरांसाठी प्रार्थनेला बसली.

पर्सेबायाचं जुनं मैदान तांबाकसारीला आहे. त्याचं नाव गेलोरा 10 नोव्हेंबर. नवं स्टेडियम बुंग तोमोंच्या नावाचं. ही दोन्ही नावं 1945 च्या स्वातंत्र्याच्या लढाईची. बुंग तोमो रेडिओवरून भाषणं करून लोकांना पेटवत, आणि 10 नोव्हेंबरला ब्रिटिशांनी जमिनीवरून, समुद्रातून आणि आकाशातून शहरावर हल्ला केला. तो दिवस इंडोनेशियात वीर दिन म्हणून पाळतात. एवढं तिथे पाट्यांवर वाचायला मिळतं. पुढचं आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत असतं. 25 ऑक्टोबर 1945 ला सुराबाया बंदरात जी ब्रिटिश फौज उतरली ती 49 वी भारतीय पायदळ ब्रिगेड. तिच्या तीन पलटणींपैकी दोन मराठा लाईट इन्फन्ट्रीच्या होत्या, चौथी आणि सहावी. बेळगावात केंद्र असलेली आपली रेजिमेंट. 30 ऑक्टोबरला या ब्रिगेडचा प्रमुख ब्रिगेडियर मॅलबी मारला गेला तो लाल पुलाजवळ, इंटरनॅशिओ इमारतीसमोर, आणि त्या इमारतीत अडकलेले जवान सहाव्या मराठाचे होते. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडची पोरं. पारतंत्र्यातल्या देशातून, दुसऱ्याचं स्वातंत्र्य दडपायला पाठवलेली. भारतीय सैनिकांना इंडोनेशियात वापरू नका म्हणून नेहरू तेव्हा सांगत होते, पण ऐकणारं कोण होतं?

हे मी म्बाहना सांगितलं 2017 मध्ये, त्या घरवापसीच्या सामन्याच्या आदल्या संध्याकाळी. लढाईत ते सात वर्षांचे होते, लाल पुलापासून जवळच राहत होते, आईचा हात धरून मोजोकर्तो गावापर्यंत चालत गेले होते. तिथली जुनी माणसं सगळ्याच भारतीय शिपायांना ‘गुर्खा’ म्हणतात, तेही म्हणत. मी म्हटलं, म्बाह, ते गुर्खा नव्हते. त्यातले बरेच माझ्या भागातले होते, माझीच भाषा बोलणारे.

ते बराच वेळ कॉफीच्या पेल्याकडे बघत राहिले. मग विचारलं, “घरी परत गेले का सगळे?”

मी म्हटलं, सगळे नाही गेले.

त्यांनी मान हलवली आणि नातवाला हाक मारली. “आतून माझा मफलर आण,” म्हणाले, “उद्या यांना लागेल.”