विटेला वीट: लंडनच्या कार्लटन टॅव्हर्नची गोष्ट

श्रोतेहो, नमस्कार. इंग्लंडमधील जुन्या पबच्या इमारती आणि त्यांना मिळणारे कायद्याचे संरक्षण हा आजच्या भाषणाचा विषय आहे. त्यातली जी हकिकत मला मनापासून सांगायची आहे, ती लंडनच्या किलबर्न भागातील कार्लटन टॅव्हर्न या पबची आहे. पण त्याआधी दोन गोष्टी समजून घेऊ.

पहिली गोष्ट रचनेची. व्हिक्टोरियन काळातील पब म्हणजे एकच मोठे दालन नसे. मजुरांसाठी साधा पब्लिक बार, ऐपतदार गिऱ्हाइकांसाठी अधिक सजवलेला सलून बार, आणि त्यांच्यामध्ये लाकडी आडभिंती व नक्षी कोरलेल्या काचा अशी मांडणी असे. म्हणजे त्या काळची समाजरचनाच त्या इमारतीच्या नकाशात उतरलेली दिसते. बाहेरून अनेक पबना चकचकीत, झिलई दिलेल्या भाजक्या मातीच्या फरशा लावत, कारण कोळशाच्या धुराने काळवंडलेल्या शहरात त्या फडक्याने पुसल्या की पुन्हा उजळत. लिव्हरपूलचा फिलहार्मोनिक हा 1898 ते 1900 या काळात बांधलेला पब पाहिला, तर त्यातले महोगनीचे काम, तांब्याचे उठावचित्रांचे पत्रे आणि रंगीत काचा एखाद्या राजवाड्याला शोभाव्यात अशा आहेत. पुढे विसाव्या शतकात मालकांनी जागा मोकळी करण्यासाठी आतल्या आडभिंती सर्रास पाडल्या, आणि म्हणूनच ज्याचा अंतर्भाग जसाच्या तसा राहिला असा पब आज दुर्मीळ आहे.

दुसरी गोष्ट संरक्षणाची. हिस्टॉरिक इंग्लंड ही संस्था अभ्यास करून शिफारस करते आणि सरकार इमारतीला वारसा यादीत घेते. यादीत ग्रेड एक, ग्रेड दोन तारांकित आणि ग्रेड दोन अशा तीन श्रेणी आहेत. दहांपैकी नऊ इमारती ग्रेड दोनमध्ये असतात. फिलहार्मोनिकला 2020 मध्ये ग्रेड एक मिळाला. आपल्या मुंबईतही 1995 पासून वारसा इमारतींच्या श्रेणी आहेत, तेव्हा ही कल्पना आपल्याला परकी नाही. मात्र एक मुद्दा मी पुन्हा सांगतो: इंग्लंडमध्ये इमारत यादीत आली की तिचा अंतर्भागही संरक्षित होतो. दर्शनी भिंत तेवढी राखून मागे टॉवर उभारण्याची जी पद्धत जगभर बोकाळली आहे, तिला वारसा जतन म्हणणे मला मुळीच मान्य नाही. खोल्या गेल्या की वास्तू गेली.

आता कार्लटन टॅव्हर्नकडे वळू. पहिल्या महायुद्धात जर्मन बॉम्बने इथला जुना पब उद्ध्वस्त झाला आणि चॅरिंग्टन या मद्यनिर्मात्या कंपनीने 1920-21 मध्ये त्याच जागी नवा बांधला. वर लाल विटा, खाली झिलईच्या फरशा, आणि आत 1920 च्या दशकातील खोल्या, शेकोट्या व लाकूडकाम जवळजवळ अबाधित. जागेच्या नव्या मालकाला तिथे फ्लॅट हवे होते. वेस्टमिन्स्टर नगर परिषदेने जानेवारी 2015 मध्ये परवानगी नाकारली. दरम्यान काहीतरी शिजते आहे अशी शंका येऊन रहिवाशांनी इमारत वारसा यादीत घ्यावी असा अर्ज केला होता, आणि त्या अभ्यासासाठी तज्ज्ञांनी फरशांचे प्लास्टरचे साचे घेऊन इमारतीच्या तपशिलांची बारकाईने नोंद करून ठेवली होती. ही नोंद लक्षात ठेवा, श्रोतेहो, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे.

ईस्टरच्या सोमवारी पब चालवणाऱ्या बाईंना सांगण्यात आले की मालमत्तेची मोजदाद करायची आहे, तेव्हा पब बंद ठेवा. बुधवारी, 8 एप्रिल 2015 रोजी, बुलडोझर आले. लेकरांना शाळेत सोडायला आणि आणायला रोज याच रस्त्याने जाणाऱ्या आईवडिलांनी पाहिले, तो छप्पर कोसळलेले, भिंती दुभंगलेल्या आणि खोल्या उघड्यावर पडलेल्या. ग्रेड दोनची शिफारस अवघ्या दोन दिवसांवर आली होती.

पाडलेली इमारत परत कशी येणार, असे म्हणून बहुतेक ठिकाणी लोक घरी जातात. किलबर्नचे लोक गेले नाहीत. त्यांनी मोहीम उभारली, सह्या गोळा केल्या, नगरसेवकांच्या मागे लागले; आणि वेस्टमिन्स्टर नगर परिषदेने आदेश काढला की पब पूर्वी होता तसाच, विटेला वीट लावून, पुन्हा बांधावा. मालकाने अपील केले. 2016 मध्ये जाहीर चौकशी होऊन सरकारी नियोजन निरीक्षकांनी आदेश कायम ठेवला. पुन्हा सांगतो: पाडणाऱ्यानेच, स्वतःच्या खर्चाने, होते तसे बांधून द्यावे. हे शक्य झाले ते त्या साच्यांमुळे आणि नोंदींमुळे, कारण इमारत नेमकी कशी होती हे आता कोणी नाकारू शकत नव्हते.

कार्लटन टॅव्हर्नचे दार 12 एप्रिल 2021 रोजी उघडले. करोनाचे निर्बंध सैल होऊन इंग्लंडमधील पबना बाहेरच्या जागेत ग्राहकांना बसवण्याची परवानगी मिळाली, तोच तो दिवस होता. नव्या विटा जुन्या होत नाहीत, हे खरे आहे. शंभर वर्षांच्या हातांनी गुळगुळीत झालेले लाकूड कोणताही आदेश परत आणू शकत नाही. तरीही मी या पुनर्बांधणीला नक्कल म्हणणार नाही. ज्या वस्तीसाठी ती जागा होती, त्याच वस्तीने ती परत मिळवली आहे.

कायदाही दरम्यान बदलला. इंग्लंडमध्ये 2017 पर्यंत अनेक पब नियोजन परवानगीशिवाय पाडता येत. त्या वर्षीपासून परवानगी सक्तीची झाली. तरीही ऑगस्ट 2023 मध्ये स्टॅफर्डशरमधील क्रूक्ड हाउस हा खाणींमुळे जमीन खचून तिरका झालेला पब आगीत जळाला आणि दोनच दिवसांत पाडला गेला. तो वारसा यादीत नव्हता. फेब्रुवारी 2024 मध्ये साउथ स्टॅफर्डशर परिषदेने तो आगीपूर्वी होता तसा पुन्हा बांधण्याचा आदेश काढला, आणि पुनर्बांधणीची मागणी करणाऱ्यांच्या तोंडी तेव्हा कार्लटन टॅव्हर्नचेच उदाहरण होते.