दोन लग्नं, दोन पात्या: आयलाच्या जॉनचं घराणं

[दृश्य: फिनलॅगन सरोवर, वरून. दोन बेटं एका चौकटीत.]

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडे आयला नावाचं बेट आहे. समुद्रापासून आत, त्या बेटाच्या पोटात हे फिनलॅगनचं गोड्या पाण्याचं सरोवर. त्यातही पुन्हा दोन बेटं. मोठ्यावर राहती घरं, प्रार्थनाघर आणि मेजवानीची लांब खोली. मागचं छोटं बेट बरंचसं माणसांनी भर घालून केलेलं. ते मसलतीचं बेट. दोहोंमध्ये दगडी बांध. भोवती मोठी दगडी तटबंदी मात्र नाही. खरा बंदोबस्त समुद्रावर होता, गलबतांचा.

चौदाव्या शतकात इथला धनी होता मॅकडोनाल्ड कुळाचा प्रमुख जॉन. त्याची गेलिक बोलणारी माणसं त्याला इयन म्हणायची. 1336 मध्ये इंग्लंडच्या राजाला धाडलेल्या पत्रात त्याने स्वतःला ‘बेटांचा स्वामी’ म्हणवून घेतलं. हा किताब त्याला कोणी बहाल केला नव्हता. त्याने तो घेतला आणि टिकवला. कसा टिकवला, हे पाहायचं तर लढायांपेक्षा त्याच्या सोयरिकींकडे पाहावं लागतं.

सुरुवात आईपासून. जॉनचा बाप अँगस ओग हा स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस याच्या बाजूचा सरदार. आई आयर्लंडच्या अल्स्टरमधली, ओ’कहान घराण्यातली. परंपरा सांगते, ती सासरी आली ती आपल्या मुलखातली माणसं बरोबर घेऊन. बेटांवर पिढ्यान्‌पिढ्या वैद्यकी करणारं बीटन घराणं आपलं मूळ याच लवाजम्यात सांगतं. माणसं म्हणजे हत्यार धरणारे हात, त्यामुळे या आंदणाची किंमत सोन्यानाण्याहून जास्त होती.

[दृश्य: आयोना बेट. थडग्याच्या शिळेवर कोरलेलं गलबत, जवळून.]

हे गलबत नीट बघा. याच्यावाचून जॉनचं राज्य कळत नाही.

स्थानिक नाव बर्लिन. ओकच्या फळ्या एकीची कड दुसरीवर चढवून बसवायच्या आणि लोखंडी खिळे आरपार ठोकून आतल्या बाजूने लोखंडी चकतीवर ठेचून घट्ट करायचे. सांध्यात डांबरात भिजवलेले जनावरांचे केस किंवा लोकर. एक डोलकाठी, एक चौकोनी शीड. मागे मधोमध सुकाणू. पूर्वीच्या नॉर्स (वायकिंगांच्या) होड्यांसारखं बाजूला बांधलेलं वल्हं नाही. शिळेवर तो बदल स्पष्ट दिसतो. पुढे 1615 च्या एका सरकारी नोंदीत आकडे सापडतात: बर्लिन 12 ते 18 वल्ह्यांचं, त्याहून मोठं गलबत 18 ते 24 वल्ह्यांचं, आणि दर वल्ह्यामागे 3 माणसं. म्हणजे 20 वल्ह्यांच्या एका गलबतात 60 जण.

खोट कुठे यायची? चौकोनी शीड समोरच्या वाऱ्याला फारसं चालत नाही, मग वल्ही मारावी लागतात. समुद्र खवळला की वल्ही धड पाण्याला लागत नाहीत, आणि उघड्या, बुटक्या काठाच्या होडीत मागून येणारी लाट आत पडते. खिळा गंजला की फळ्या सैल होतात. हिवाळ्यात किनाऱ्यावर चर खणून होडी आत ओढून ठेवायची. तिथे लाकूड सुकून आक्रसतं, म्हणून वसंतात पाण्यात ढकलण्याआधी ते भिजवून फुगवावं लागतं. नाही तर पहिल्याच फेरीत पाणी आत. शिवाय बाहेरच्या बेटांवर झाडं जवळपास नाहीतच. ओक हवा तर मुख्य भूमीवरची रानं ताब्यात हवीत.

आता जॉनचं पहिलं लग्न या नजरेने बघा. नवरी एमी मॅक्रूअरी, गार्मोरनच्या घराण्यातली. गार्मोरन म्हणजे मॉइडार्ट, आरिसेग, मोरार हा किनारा, आणि पलीकडे एग, रम, यूइस्ट ही बेटं. लाकूड एका काठाला, खलाशी दुसऱ्या. अडचण नात्याची होती. जॉन आणि एमी या दोघांचे खापरपणजोबा एकच, बाराव्या शतकातला बेटांचा सत्ताधीश सॉमरलेड याचा मुलगा रॅनल्ड. तेव्हाचा चर्चचा नियम चौथ्या पिढीपर्यंतचं नातं वर्ज्य मानायचा. हे दोघं बरोबर त्या रेषेवर उभे. म्हणून 1337 मध्ये पोपकडून खास परवानगी आणावी लागली. या लग्नातून तीन मुलगे झाले: जॉन, रॅनल्ड आणि गॉडफ्री.

1346 च्या ऑक्टोबरात एमीचा भाऊ, त्याचंही नाव रॅनल्डच, पर्थजवळ एल्को इथे मारला गेला. स्कॉटलंडचा राजा डेव्हिड, ब्रूसचा मुलगा, याच्या फौजेला तो येऊन मिळाला होता. रॉस मुलखाच्या अर्लने, म्हणजे तिथल्या बड्या सरदाराने, जुन्या वैरातून त्याचा काटा काढला. रॅनल्डला औरस वारस नव्हता. बहिणीच्या हक्काने गार्मोरन जॉनच्या पदरात पडलं. त्याच महिन्यात 17 तारखेला डेव्हिड राजा नेव्हिल्स क्रॉसच्या लढाईत इंग्रजांच्या हाती सापडला आणि पुढची 11 वर्षं कैदेत राहिला. मागे कारभार कोण पाहणार? राजाचा भाचा, रॉबर्ट स्टुअर्ट.

आणि 1350 मध्ये जॉनने दुसरं लग्न केलं ते याच रॉबर्टच्या मुलीशी, मार्गारेटशी. पुन्हा पोपची परवानगी आली. कुळाची परंपरा सांगते की एमीला त्याने सोडून दिलं. मॉइडार्टच्या भरतीच्या पाण्यातला चीरम किल्ला तिने बांधला, असंही तिथे आजवर मानतात. गार्मोरन तर तिच्याच माहेरचं. मार्गारेटला मुलगे झाले: डॉनल्ड, जॉन मोर आणि अलास्टर. घरात थोरली पाती आणि धाकटी पाती उभी राहिली.

[दृश्य: डंबार्टनचा कातळ आणि किल्ला.]

डेव्हिड सुटून आला तो 1 लाख मर्क (तेव्हाचं चलनाचं एकक) खंडणी कबूल करून. त्यासाठी कर बसले आणि जॉनने ते थकवले. शेवटी 15 नोव्हेंबर 1369 रोजी इन्व्हर्नेसला त्याला राजापुढे शरण जावं लागलं. जामीन म्हणून तीन ओलीस दिले: मार्गारेटचा डॉनल्ड, वारलेल्या थोरल्या मुलाचा मुलगा अँगस, आणि डॉनल्ड नावाचा आणखी एक अनौरस मुलगा. राजाने दोन्ही पात्यांतून एकेक उचलला. घर कुठे दुभंगलंय, हे दरबाराला पक्कं ठाऊक होतं.

सव्वा वर्षात, 1371 च्या फेब्रुवारीत, डेव्हिड निपुत्रिक वारला आणि जॉनचा सासरा गादीवर आला, दुसरा रॉबर्ट म्हणून. यानंतरच्या सनदा या कहाणीचा कणा आहेत. आधी गार्मोरन रॅनल्डच्या नावे झालं, मॉइडार्ट, एग, रम, यूइस्ट वगैरे. राजाने 1373 च्या पहिल्याच दिवशी त्याला मंजुरी दिली. एमीच्या मुलाला आईकडचा मुलूख मिळाला, ठीकच. पण 1376 मध्ये किंटायर, अर्धं नॅपडेल, कोलन्से आणि लोखाबर यांच्या सनदा झाल्या, त्यांत वारसाची अट घातली: जॉन आणि मार्गारेट या दोघांपासून झालेली संतती. या एका अटीने थोरली पाती या जमिनींतून कायमची बाद. सासरा आपल्या नातवंडांची सोय करत होता आणि जॉनने ती होऊ दिली. मुख्य स्वामित्वही डॉनल्डकडेच जायचं ठरलं. गार्मोरन रॅनल्डकडे राहणार, पण सावत्र भावाचा मांडलिक म्हणून. माझ्या मते जॉनच्या सगळ्या आयुष्यातला हा सर्वांत कठोर निर्णय.

हे सगळं पोसायचं कशावर? जमीन ‘औंसा’त मोजायची, एका औंसात 20 पेनी-जमिनी, म्हणजे मुळात एकेक पेनी साऱ्याचे तुकडे. सारा वस्तूंत: ओटचं पीठ, चीज, माल्ट, गुरं. शिवाय धनी दौऱ्यावर आला की त्याच्या आणि माणसांच्या एका रात्रीच्या पाहुणचाराचा वाटा रयतेवर. बेटाबेटावर न्यायाधीश.

नवा स्वामी बसवताना काय करत, याचं वर्णन सतराव्या शतकात लिहिलेलं मिळतं. पांढरी वस्त्रं घातलेल्या माणसाला पावलाचा ठसा कोरलेल्या दगडावर उभं करायचे. पूर्वजांच्या वाटेने चालेन, ही त्यातली कबुली. हातात पांढरी काठी, मग वाडवडिलांची तलवार. मेजवानी आठवडाभर.

1386-87 च्या सुमारास जॉन मल बेटासमोरच्या आर्डटॉर्निश किल्ल्यात वारला. घराण्याच्या गेलिक बखरीत आहे की देह आयोनाला नेला, मठाधिपती आणि साधू सामोरे आले, 8 दिवस 8 रात्री प्रार्थना चालल्या, आणि बापाच्याच थडग्यात त्याला ठेवलं.

[दृश्य: एग बेट, किल्डोनन.]

वारसाचा कार्यक्रम एग बेटावर झाला. हे बेट रॅनल्डचं. बापामागे कारभार सांभाळणाऱ्या रॅनल्डने बेटांवरच्या माणसांच्या मनाविरुद्ध स्वामित्वाचं चिन्ह स्वतःच्या हाताने डॉनल्डला दिलं, असं बखर नोंदवते. सनदेविरुद्ध उभं राहायचं म्हणजे खुद्द राजाविरुद्ध उभं राहायचं, कारण डॉनल्ड त्याचा नातू.

भाऊबंदकी मात्र टळली नाही. रॅनल्ड लवकर वारला, आणि 1389 मध्ये चीरम किल्ल्यातून ‘यूइस्टचा स्वामी’ म्हणून सनद देताना दिसतो तो त्याचा भाऊ गॉडफ्री. पुतणे बाजूला पडले. धाकट्या पातीतही जॉन मोर डॉनल्डवर उलटला; त्याने पुढे बिसेट घराण्यातल्या मार्जरीशी लग्न करून आयर्लंडच्या अँट्रिममध्ये पाय रोवले. अलास्टरचा वंश लोखाबरमधलं केपॉकचं घराणं. डॉनल्डने बायकोच्या हक्कापायी 24 जुलै 1411 रोजी हार्लॉची लढाई दिली. तो हक्क होता रॉसच्या अर्लपदाचा. ज्या घराने एमीचा भाऊ मारला, त्याच घराच्या वारशासाठी.

1493 मध्ये स्कॉटलंडच्या राजाने बेटांचं स्वामित्व खालसा केलं आणि डॉनल्डच्या वंशाची गादी गेली. रॅनल्डचे वंशज, क्लॅनरनाल्ड, मॉइडार्टमध्ये राहिले. एमीचा म्हणून सांगतात तो चीरम किल्ला पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याकडे होता. 1715 मध्ये पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याला परत गादीवर आणण्यासाठीच्या जॅकोबाइट बंडाला निघताना तो शत्रूच्या हाती पडू नये म्हणून त्यांच्याच प्रमुखाने पेटवून दिला.