सीटी नॉर्मल, पण डोकं दुखायचं थांबत नाही

श्रोतेहो, नमस्कार.

माहेरी बाळंतपणाला आलेली एक मुलगी. चौथ्या दिवसापासून तिचं डोकं दुखत होतं. जागरणामुळे असेल, वारा लागला असेल, कान बांध, असं घरात सगळ्यांनी सांगून झालं. ती मात्र एकच गोष्ट परत परत सांगायची, की आडवं झालं की जास्त ठणकतं आणि उठून बसलं की जरा हलकं वाटतं. बाळाला उचलायला वाकली की क्षणभर डोळ्यांपुढे अंधारी. बाराव्या दिवशी पहाटे उजवा हात झटके द्यायला लागला आणि फिट आली. डोक्याचा सीटी स्कॅन काढला, तो नॉर्मल. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

सिझरच्या वेळी कमरेत इंजेक्शन दिलेल्या बायकांचंही कधीकधी डोकं दुखतं, पण ते बसल्यावर वाढतं आणि आडवं झाल्यावर थांबतं. हिचं नेमकं उलटं होतं. मी डोळ्यांत बॅटरीने आत पाहिलं. मागच्या पडद्यावर दृष्टीच्या नसेची चकती असते, तिची कड एरवी रेखीव दिसते. हिची पुसट, फुगलेली होती. डोक्यात दाब वाढला होता.

आपण भांग पाडतो ना, बरोबर त्या रेषेखाली, कवटीच्या आत, कपाळापासून मागे एक मोठी नळी जाते. मेंदूतलं वापरलेलं रक्त तिच्यातून मागे येतं, कानांमागून दोन्ही बाजूंनी वळतं आणि मानेत उतरतं. या वाटेत रक्ताची गुठळी होणं, म्हणजे सेरेब्रल व्हीनस थ्रॉम्बोसिस, हाच हिचा आजार. गुठळी झाली की रक्त मागच्या मागे तुंबतं. मेंदूला सूज येते, बारीक शिरा फुटतात. नेहमीच्या पक्षाघातात रक्त पोचत नाही, इथे ते बाहेर पडत नाही. साध्या सीटीत सुमारे ३० टक्के रुग्णांमध्ये यातलं काहीच दिसत नाही. त्यासाठी व्हेनोग्राफी लागते, म्हणजे शिरांचा नकाशा, सीटीवर किंवा एमआरआयवर काढलेला. हिच्या नकाशात भांगाखालची ती नळी मध्येच गायब होती.

हिला का झालं? बाळंतपणात रक्त आपणहून जरा दाट होतं, जादा रक्तस्राव होऊ नये म्हणून निसर्गाने केलेली ती सोय. त्यात अंगात रक्त कमी. आणि पोट सुटेल म्हणून घरात पाणी मोजून मिळत होतं! बाळंतिणीला पाणी तोडायची ही रीत कुठून आली कोण जाणे, पण मला तिचा मनस्वी राग आहे.

हा काही फक्त बाळंतिणींचा आजार नव्हे. हैदराबादच्या निजाम इन्स्टिट्यूटने २०१२ साली ४२८ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, त्यात निम्म्याहून थोडे जास्त पुरुष होते. ॲनिमिया, रक्तातल्या होमोसिस्टीन नावाच्या घटकाची वाढ, दारू, ही तिथली ठळक कारणं. शिवाय हार्मोनच्या गोळ्या. ‘काही औषध चालू आहे का?’ विचारलं की बायका नाही म्हणतात. ‘गौरीसाठी पाळी पुढे ढकलायची गोळी?’ ‘हो, ती घेतली होती की.’ ती गोळी घरात औषधात धरतच नाहीत.

उपचाराची गोष्ट जरा अवघड जाते. मेंदूत थोडा रक्तस्राव दिसत असला तरी आम्ही हेपारिन देतो, रक्त पातळ करणारं इंजेक्शन. हिचे वडील माझ्याकडे पाहतच राहिले. ‘मेंदूत रक्त येतं म्हणता आणि ते पातळही करता?’ प्रश्न रास्तच होता. पण ते रक्त येतं तुंबल्यामुळे, वाट मोकळी होईपर्यंत ते थांबायचं नाही. १९९१ साली जर्मनीत अवघ्या २० रुग्णांवर याची चाचणी झाली. हेपारिन मिळालेल्या दहांपैकी कुणी दगावलं नाही. न मिळालेल्या दहांतले तिघे गेले.

फ्रान्समध्ये १८२५ साली रिब या डॉक्टरांनी हा आजार पहिल्यांदा लिहून ठेवला. पुढे कितीतरी वर्षं तो बहुधा शवविच्छेदनातच कळायचा. २००४ साली २१ देशांतल्या ६२४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतले सुमारे ७९ टक्के पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण बरे झाले होते, आठ टक्क्यांच्या आसपास दगावले. पक्षाघाताच्या आजारांत असे आकडे क्वचित दिसतात. आधीच बेशुद्धीत आलेल्यांचं मात्र अवघड असतं.

ही मुलगी दाखल झाल्यापासून दहाव्या दिवशी घरी गेली. रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफेरिनच्या गोळ्या सहा महिने, रक्त किती पातळ झालंय ते पाहायला अधूनमधून आयएनआरची तपासणी. अंगावर पाजणं थांबवावं लागलं नाही. गोळीचा परिणाम कमीजास्त होऊ नये म्हणून पालेभाजी रोज साधारण तेवढीच खा, एवढंच पथ्य.

सहा महिन्यांनी ती आली तेव्हा डोळ्यांतली ती कड पुन्हा रेखीव झाली होती. सोबत सासूबाई. त्यांनी हळूच विचारलं, ‘आता दुसरं मूल चालेल ना?’ मी म्हटलं, चालेल, पण आधी मला सांगून. दिवस राहिल्यावर रक्त पातळ करणारी इंजेक्शनं घ्यावी लागतील. आणि तोवर पाळणा लांबवायला साध्या संततिनियमनाच्या गोळ्या नकोत.

‘तांबी बसवून झालीये, डॉक्टर,’ ती म्हणाली. ‘आधी या पोरीला रात्रभर झोपायला शिकू दे.’

नमस्कार.