आत्याचे चार हजार

श्रोतेहो, नमस्कार. रिझर्व्ह बँकेवर बोलायचं म्हटलं की मला आमची आत्या आठवते.

चाळीसेक वर्षांपूर्वी आमच्या गावात आवई उठली, की नाक्यावरची बँक बुडाली. दुपारपर्यंत रांग पार पिंपळाच्या पारापर्यंत गेली. आत्या शेजारच्या बंड्याच्या रिक्षातून उतरली ती थेट मॅनेजरच्या टेबलाशी. “माझे चार हजार आत्ता द्या.” मॅनेजर घामाघूम. “मावशी, तुमचे पैसे तिजोरीत बसून नसतात हो. कर्जाऊ दिलेत.” “कुणाला?” त्यांनी वैतागून खिडकीबाहेर बोट केलं. “ती रिक्षा बघा.”

आत्या बाहेर आली. रिक्षाला एक चक्कर मारली, टपावरून हात फिरवला. “धूळ पुसत जा रे,” असं बंड्याला सुनावलं आणि पुन्हा रांगेत उभी!

संध्याकाळी हेड ऑफिसची जीप आली. रोकडीच्या पेट्या उतरल्या, आणि त्या नुसत्या बघूनच निम्मी रांग पांगली. आत्यानं मात्र पैसे घेतले, तांदळाच्या डब्यात ठेवले, उंदरांच्या खुडबुडीनं रात्रभर जागली आणि सकाळी दहाला तेच पैसे भरायला बँकेत हजर.

तर मुद्दा असा. बँक बुडाली नव्हती, पैसे अडकलेले होते. सगळे ठेवीदार एकाच दिवशी आले तर धडधाकट बँकही डगमगते. अशा वेळी बँकांनी कुणाचं दार ठोठवायचं? रिझर्व्ह बँकेचं. सरकारी रोखे तारण घेऊन ती बँकांना पैसे देते. पुन्हा सांगतो, बँकांना, तुम्हा-आम्हाला नाही. ठेवींचा ठरावीक हिस्साही बँकांनी तिच्याकडे ठेवायचा असतो. म्हणून ती बँकांची बँक. १ एप्रिल १९३५ ला कलकत्त्यात सुरू झाली, १९३७ मध्ये मुंबईत आली. १९४३ मध्ये तिचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले ते आपल्या रायगडचे चिंतामणराव देशमुख. नोटाही तीच काढते. एक रुपयाची तेवढी सरकारची. आणि त्या नोटांवर पेनानं हिशेब करणाऱ्यांना माझ्या मते आठवडाभर फक्त चिल्लर द्यावी. असो.

१९६० मध्ये केरळातली पलाई सेंट्रल बँक खरोखरच बुडाली. त्यानंतर, १९६२ पासून, ठेवींना विमा आला. आज एका बँकेतल्या ठेवींवर माणशी ५ लाखांपर्यंत, व्याज धरून. आत्याचे चार हजार तेव्हाही विम्यात बसत होते, पण त्या रांगेत तिला हे सांगणार कोण?

बंड्याचं कर्ज फिटेपर्यंत आत्यानं त्याला कधी भाडं दिलं नाही.