जेझेरोतल्या दहा नळ्या

(लाल मातीवर पडलेली नळी, अगदी जवळून)

ही टायटॅनियमची नळी वीतभरही लांब नाही. आत मंगळाच्या खडकाचा तुकडा आहे, खडूच्या कांडीएवढा. 21 डिसेंबर 2022 रोजी मंगळावरच्या जेझेरो विवरात नासाच्या पर्सिव्हरन्स रोव्हरने ती पोटाखालून सोडली, पुढे कधीतरी पृथ्वीवर आणता यावी म्हणून. सोडली की लगेच यांत्रिक हात वाकवून कॅमेरा खाली नेला. घरंगळून चाकाच्या वाटेत तर आली नाही ना? आडवीच पडली ना? चुकून उभी राहिली, तर हाताने आडवी करायच्या आज्ञासुद्धा तयार होत्या.

(वरून दिसणारी नागमोडी वाट)

मग काही मीटर पुढे जाऊन दुसरी. जानेवारी 2023 संपेपर्यंत अशा 10 नळ्या झाल्या. प्रत्येकीची जागा नीट नोंदवलेली आहे, धुळीने झाकली तरी सापडावी म्हणून.

(खडकातलं छिद्र, भोवती भुकटी)

इथवर यायला आधी हे छिद्र पाडावं लागलं. 6 ऑगस्ट 2021, पहिलाच प्रयत्न. ड्रिल 7 सेंटिमीटर खोल गेलं, नळी सीलबंद झाली, आकडे सगळे चोख. आणि नळी रिकामी! खडक इतका ठिसूळ, की त्याचा भुगा झाला. पुढच्या खेपेला सील करण्याआधी थांबून नळीत डोकावायचं ठरलं. 1 सप्टेंबरला ड्रिल दुसऱ्या खडकात उतरलं, आणि नळीच्या तोंडाशी खडक दिसला.

(परतीच्या प्रवासाचं ॲनिमेशन)

योजना अशी होती: मंगळावर एक यान उतरेल, नळ्या छोट्या रॉकेटमध्ये भरेल. रॉकेट आधी वर भिरकावलं जाईल, इंजिन हवेतच पेटेल. आजवर दुसऱ्या कुठल्याही ग्रहावरून रॉकेट उडालेलं नाही. कक्षेत युरोपचं यान नमुन्यांचा डबा पकडेल आणि पृथ्वीकडे निघेल. 2024 मध्ये नासानेच सांगितलं, खर्च 11 अब्ज डॉलरपर्यंत जाईल आणि नमुने 2040 पर्यंत येणार नाहीत. योजना अडली. चीनचं त्यानवेन-3 यान मात्र मंगळाचे नमुने आणायला 2028 च्या सुमारास निघण्याच्या तयारीत आहे.

(ठिपक्यांचा खडक)

हा चेयावा फॉल्स नावाचा खडक. बिबट्याच्या अंगावरचे वाटावेत असे, काळ्या कडांचे फिकट ठिपके. पृथ्वीवर असे ठिपके सूक्ष्मजीवांमुळे पडू शकतात, त्यांच्याशिवायही पडू शकतात. रोव्हरवरच्या उपकरणांना यापुढे सांगता येत नाही. याचा तुकडा पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेत आलाच पाहिजे.

(चाकांच्या खुणा, वर चढत गेलेल्या)

जुलै 2024 मध्ये काढलेला तो तुकडा जमिनीवरच्या दहा नळ्यांत नाही, रोव्हरच्या पोटात आहे. त्याच वर्षी डिसेंबरात रोव्हर जेझेरो विवराच्या काठावर पोहोचला, तुकडा सोबत घेऊन.